लॅटिन क्रूस, संस्कृत अक्षरं आणि पंडिता रमाबाईंची मुक्ती

ज्यांना हेडफोन लावून ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आज पंडिता रमाबाई. थांबा, लगेच स्किप करू नका! शाळेत आपण त्यांच्याबद्दल चार ओळी पाठ केल्या: शारदा सदन, मुक्ती मिशन, विधवांसाठी कार्य, मृत्यू १९२२. दोन मार्कांचा प्रश्न, झालं. मला आज त्यांचं चरित्र सांगायचंच नाहीये. मला त्यांच्या आयुष्यातलं एक भांडण सांगायचंय. साल १८८५ च्या आसपास, जागा इंग्लंड. एका बाजूला सत्तावीस वर्षांची मराठी विधवा, कडेवर चार वर्षांची मुलगी, नुकताच धर्म बदललेला. दुसऱ्या बाजूला तिच्यावर मनापासून माया करणारी एक इंग्रज नन. भांडणाचा विषय असा: ख्रिस्ती झाल्यावर माणूस मोकळा होतो की बांधला जातो? आणि त्याग करायचा म्हणजे नेमकं काय सोडायचं, आणि ते कुणी ठरवायचं?

आमच्या फील्डमध्ये 'फ्री सॉफ्टवेअर' या शब्दावरून कायम घोळ होतो. इंग्रजीत 'फ्री' म्हणजे फुकटही आणि मुक्तही. नवीन पोरांना समजावता समजावता सीनियर लोक दमतात. मराठीत ही अडचण नाही. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. हा फरक आज डोक्यात ठेवा, कारण रमाबाई आयुष्यभर याच दोन शब्दांच्या मधल्या जागेत उभ्या होत्या.

आता थोडी पार्श्वभूमी, पटपट सांगतो. २३ एप्रिल १८५८ ला जन्म, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे संस्कृत पंडित. त्यांनी बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळात हा गुन्हाच. लोकांचा त्रास झाला तेव्हा हा माणूस घर उचलून जंगलात राहायला गेला. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून. पुढे सगळं कुटुंब गावोगाव पुराणं सांगत फिरू लागलं. १८७४ च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळ पडला. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग मोठी बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत उत्तरेकडे निघाले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तो ब्राह्मण नव्हता. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने बिपिनबाबू गेले. चोविशीही पूर्ण न झालेली बाई, कडेवर मूल, आणि नात्याचं म्हणावं असं जवळचं कुणी नाही.

इथे जरा थांबतो. त्या काळातल्या उच्चवर्णीय विधवेच्या आयुष्याचं वर्णन करायला एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी असायचा: त्याग. केस गेले, हा त्याग. रंगीत लुगडं गेलं, एका वेळचं जेवण गेलं, लग्नकार्यात पुढे यायचं नाही, हाही त्याग. आणि तिने हे सगळं हसतमुखाने केलं तर ती साध्वी. म्हणजे त्यागाची यादी दुसऱ्यांनी तयार केलेली, सही मात्र तिची. आपण एखादं ॲप टाकताना खाली न वाचताच 'सहमत' दाबतो ना, तसं. फरक इतकाच, की तिला 'असहमत' असं बटणच नव्हतं.

रमाबाईंनी ते बटण शोधलं. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीती' नावाचं पुस्तक लिहिलं, आणि सरकारच्या हंटर कमिशनसमोर साक्ष देताना सांगितलं की या देशातल्या बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात. स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या. पुण्यात पंच हौदाजवळ काम करणाऱ्या अँग्लिकन सिस्टर्सची ओळख झाली होती. त्यांचा मूळ मठ इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी होता. तिथे राहायची सोय झाली.

पण फुकट नाही! हे महत्त्वाचं आहे. भाड्याला पुस्तकाच्या विक्रीचे पैसे, आणि वाँटेजमध्ये राहण्या-जेवण्याच्या बदल्यात भारतात येणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायची, असा रोख व्यवहार. मिंधेपणा नको हे रमाबाईंनी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. कुणाचं मीठ खाल्लं की त्याचं ऐकावं लागतं, हे पुराणिकाच्या मुलीला शिकवावं लागत नाही.

डॉक्टर होणं जमलं नाही. ऐकू कमी येऊ लागलं होतं, त्यामुळे तो मार्ग बंद झाला. आणि त्याच उन्हाळ्यात एक भयंकर गोष्ट घडली. पुण्याहून सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. आपल्याला इथे जबरदस्तीने बाटवतील, या भीतीने त्यांच्या मनाचा तोल गेला होता असं सांगितलं जातं. ऑक्सफर्डचे मॅक्स म्युलर यांनी पुढे लिहून ठेवलंय की त्या धक्क्यानंतर रमाबाईंना रात्री एकटं झोपायची भीती वाटायची, त्यांच्या खोलीत सोबतीला एक मोलकरीण ठेवावी लागली. रमाबाईंबद्दलच्या गौरवलेखांत हे पान पटकन उलटलं जातं. मला ते उलटावंसं वाटत नाही. स्वातंत्र्याच्या शोधात दोघी एका बोटीतून निघाल्या होत्या, आणि त्यातली एक परत आली नाही.

२९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी वाँटेजमध्ये मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. का घेतला? त्यांनी स्वतः पुढे जे सांगितलं त्यात एक प्रसंग येतो. लंडनजवळ फुलहॅम इथे याच सिस्टर्सचं एक घर होतं. समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे सांभाळत. या बायकांकडे असं मायेने बघता येतं, हे रमाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं. आपल्या शास्त्रांत अशा बाईला जागा कुठे आहे, हा प्रश्न त्यांना पडला. मग योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो ती गोष्ट त्यांच्या मनात बसली. पुण्यातल्या मोठ्या मंडळींना हा विश्वासघात वाटला, वर्तमानपत्रांनी झोड उठवली. जोतिराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

बरं, आता भांडण.

सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई पत्रांत त्यांना प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. रमाबाई १८८४ मध्ये चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे गणित, विज्ञान, इंग्रजी साहित्य शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं. वाँटेज आणि चेल्टनहॅमच्या मध्ये पत्रं धावू लागली. आजीबाईंची अपेक्षा साधी होती: ख्रिस्ती झालीस, आता चर्चचं ऐक. नम्र हो. स्वतःची इच्छा सोडून दे, तोच खरा त्याग. आजीबाई हे ढोंगाने म्हणत नव्हत्या बरं का. त्या नन होत्या, आज्ञापालनाची शपथ घेतलेल्या. आपली इच्छा देवाच्या आणि वरिष्ठांच्या हाती सोपवल्यावर त्यांना मोकळं वाटलं असणार. त्यांच्यासाठी स्वातंत्र्य शरण जाण्यातच होतं. त्यांना व्हिलन करून टाकलं तर हे भांडणच कळणार नाही.

पण रमाबाई एकेका गोष्टीवर अडून बसल्या. वरवर बघितलं तर गोष्टी किती बारीक! खाण्यापिण्याचंच घ्या. रमाबाई शाकाहारी. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा नको. आजीबाईंना यात जातीचा जुना अभिमान दिसला. रमाबाईंचं उत्तर मला फार आवडतं. त्यांनी मान्य केलं की हो, असेल माझ्यात जुना संस्कार शिल्लक, पण जोवर कुणाचं नुकसान होत नाही तोवर मी माझ्या माणसांच्या चालीरीती का सोडू? मला हिंदू म्हटलेलं आवडतं, कारण मी तीच आहे. इथे हिंदू म्हणजे आपल्या मातीची, असा अर्थ. येशूवर विश्वास ठेवायला इंग्रज व्हावं लागतं, असं कुठे लिहिलंय?

मग क्रूसाचं प्रकरण. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाई म्हणाल्या, मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही. लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतपेक्षा जास्त पवित्र असं काय आहे? अक्षरं हवीतच तर संस्कृतात असू देत. ही गोष्ट डोक्यात पिन करून ठेवा, शेवटाकडे पुन्हा लागेल.

मग आलं पुरुषांना शिकवण्याचं. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्या मनात होतं की रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात. यावर भारतातून, लाहोर आणि मुंबईच्या बिशपांकडून हरकत आली. बाईने पुरुषांना शिकवलं तर भारतात तिची प्रतिष्ठा जाईल, असा त्यांचा सूर. भारतीय बाईची भारतात प्रतिष्ठा कशाने जाते, हे इंग्रज बिशप तिला सांगतायत! रमाबाईंनी लिहून कळवलं की माझ्या आईने तरुण मुलांना शिकवलेलं माझ्या वडिलांना खटकलं नाही, मी शिकवलेलं माझ्या नवऱ्याला खटकलं नाही. आणि आता या इंग्रज मंडळींना खटकतंय याचं मला नवल वाटतं. कलकत्त्यात भरसभेत पंडितांशी संस्कृतात बोललेली बाई ही.

शेवटी सगळ्यात खोल मुद्दा, त्रैक्याचा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच, हा सिद्धांत चर्च सांगतं तसा रमाबाईंच्या गळी उतरत नव्हता. त्या बायबल स्वतः वाचत, प्रश्न विचारत, आणि उत्तर पटलं नाही तर तसं सांगत. मनोरमा वाँटेजला सिस्टर्सकडे राहत होती. माझ्या लेकीला न कळणारे सिद्धांत पाठ करायला लावू नका, अशीही त्यांची मागणी. आजीबाईंच्या मते हा गर्व. रमाबाईंच्या मते हीच श्रद्धा. त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा: मोठ्या कष्टाने मी हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मानेवरून उतरवलंय, आता तसंच दुसरं जू घ्यायची माझी तयारी नाही. देवाने मला सदसद्विवेक दिलाय, तो मी वापरणार. आणि आजीबाई, जन्माने मिळालेला धर्म सोडून संपूर्ण परका धर्म स्वतः निवडण्याच्या वाटेने तुम्ही कधी गेला नाहीत, तेव्हा मला काय वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं.

'जू' हा शब्द बघा. हा त्यांनी हवेतून आणलेला नाही. पौलाच्या गलतीकरांस पत्रात, पाचव्या अध्यायात, हेच चित्र आहे: ख्रिस्ताने मोकळं केलंय तर पुन्हा दास्याचं जू मानेवर घेऊ नका. पण त्याच अध्यायात पौल लगेच पुढे सांगतो की हे स्वातंत्र्य मन मानेल तसं वागण्यासाठी नाही, प्रेमाने एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे. म्हणजे मोकळं झाल्यावर पहिलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडायचं! मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्याचा सगळा डोलारा याच विरोधावर उभा आहे. ख्रिस्ती माणूस कुणाचाच ताबेदार नाही आणि तरीही तो सगळ्यांचा सेवक आहे.

हे दोन्ही एकत्र कसं शक्य आहे? मला वाटतं उत्तर योहानाच्या दहाव्या अध्यायात आहे. तिथे येशू आपल्या मरणाबद्दल बोलताना म्हणतो की माझा प्राण कुणी हिसकावून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो. ख्रिस्ती धर्मातला सगळ्यात मोठा त्याग, आणि तो करणारा आवर्जून सांगतोय की मला कुणी भाग पाडलेलं नाही. हा धागा काढून घेतला की क्रूस म्हणजे नुसता अन्याय उरतो, निष्पाप माणसाला दिलेली फाशी. रमाबाईंच्या पत्रांत नेमका हाच फरक हाताला लागतो. विधवेचे केस दुसरा कुणीतरी कापतो. नव्या ख्रिस्ती बाईला सांगितलं जातं, तुझी बुद्धी वेदीवर ठेव. दोन्हीकडे शब्द 'त्याग', आणि दोन्हीकडे देणारी एक, ठरवणारा भलताच. रमाबाईंचा त्यागाला विरोध कधीच नव्हता. दुसऱ्याने माझ्या नावावर टाकलेल्या त्यागाला होता.

आणि स्वतः ठरवलेला त्याग? तो त्यांनी इतका केला की वाचताना दमायला होतं.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचं, फिलाडेल्फियात, ११ मार्चला. आनंदीबाई त्यांच्या लांबच्या नात्यातल्या. 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहून, गावोगाव भाषणं देऊन पैसा उभा केला. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. इथे धर्मशिक्षण द्यायचं नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असा नियम. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. पुढच्याच वर्षी सदन पुण्यात आलं. रानडे, भांडारकर सल्लागार. सगळं छान चाललेलं.

मग १८९३. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. बोंब झाली, 'केसरी'ने तोफ डागली, सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलवत नाही, पण मी माझा देव लपवणारही नाही. दार नुसतं लावून घेतलं असतं तर सदन वाचलं असतं. एक दार! त्यांनी ते लावलं नाही.

आता माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. रमाबाईंच्या भक्तांना वाटतं त्या इथे शंभर टक्के बरोबर होत्या, टीकाकारांना वाटतं त्यांनी फसवलं. मला वाटतं त्यांचं स्वतःपुरतं म्हणणं खरं होतं, पण ज्या मुली आत येत होत्या त्यांच्यासाठी ते पुरेसं नव्हतं. दहा-बारा वर्षांची निराधार मुलगी, जिच्या जगात प्रेमाने बोलणारी एकच बाई आहे, ती त्या बाईच्या खोलीत जाऊन बसते, हे तिचं स्वातंत्र्य की तिची गरज? रमाबाईंनीच तर वाँटेजला लिहिलं होतं की माझ्या लेकीला न कळणारं काही शिकवू नका. तोच प्रश्न आता उलटा फिरून त्यांच्या दारात उभा होता.

आणि पुढे तो मोठाच होत गेला. १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. ज्या मुलीने भुकेने आई, वडील आणि बहीण गमावले होते, ती चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा त्याच भुकेच्या प्रदेशात फिरत होती. त्यांनी साधारण तीनशे मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढ्या जणींना ठेवायला परवानगी नाही. मग केडगावला त्यांनी घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू आणि झोपड्या. तिथेच १८९८ मध्ये 'मुक्ती' उभं राहिलं. १९०० चा गुजरातचा दुष्काळ झाला तेव्हा केडगावात दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. सरकारलाही त्यांनी सोडलं नाही. प्लेगच्या छावण्यांत बायकांना कसं वागवलं जातं यावर १८९७ मध्ये वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं, आणि गव्हर्नरांनी आरोप फेटाळले. आधी पुण्याची मर्जी गेली, आता सत्तेची. चर्चच्या वरिष्ठांची तर कधीच गेली होती.

केडगावात मुली शेती करत, विणत, तेल काढत, छापखाना चालवत. अंध मुलींना ब्रेल शिकवली जाई. आणि ज्यांना कुणीच दारात उभं करत नव्हतं अशा बायकांसाठी 'कृपा सदन' निघालं. फुलहॅममध्ये पाहिलेलं ते घर आता दौंडच्या माळरानावर आलं होतं. ही मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती होती. शेकडो मुलींचे बाप्तिस्मे झाले. जिवंत राहण्याची किंमत म्हणून धर्म बदलला, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्या मुलींपैकी बहुतेकींनी काही लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने 'त्या आनंदी होत्या' किंवा 'त्या फसल्या' असं ठोकून देणं दोन्ही मला बरं वाटत नाही. त्या जगल्या आणि वाचायला शिकल्या, एवढं नक्की.

मनोरमेचं काय झालं? हा प्रश्न मला या सगळ्यात जास्त छळतो. तिचं बालपण वाँटेजच्या सिस्टर्स आणि आईच्या ओढाताणीत गेलं. पुढे अमेरिकेत शिकून आली आणि आयुष्य मुक्तीला दिलं. शाळा चालवली, अंध मुलींचं काम उभं केलं, गुलबर्ग्याला हायस्कूल काढलं. लग्न केलं नाही. १९२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, ती वारली. आईच्या आधी. आईने स्वतःसाठी निवडलेला त्याग लेकीकडे आपोआप आला. तो तिने आपण होऊन घेतला की तिच्या वाट्याला दुसरं काही ठेवलंच नव्हतं? रमाबाईंची सगळी लढाई ज्या फरकासाठी होती, तो फरक त्यांच्या स्वतःच्या घरात मला नीट दिसत नाही. यात रमाबाई लहान होतात असं नाही. पण मोठ्या माणसाच्या त्यागाचं बिल घरातल्यांच्या नावावरही येतं, हे चरित्रांच्या शेवटच्या पानावर छापत नाहीत.

आता तो पिन केलेला क्रूस. चेल्टनहॅमच्या दिवसांत रमाबाई लॅटिनविरुद्ध संस्कृतासाठी भांडल्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी एक अफाट काम हातात घेतलं: मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या दोन्ही भाषा शिकल्या. आणि या भाषांतरात त्यांनी काय केलं? संस्कृत शब्द गाळायला घेतले. आधीची मराठी बायबलं त्यांना फार पंडिती वाटत. केडगावच्या माळावर आलेल्या, नुकत्याच अक्षरं गिरवू लागलेल्या बाईला ती कळत नव्हती. शिवाय त्या शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले. 'सरस्वती' पदवी मिळालेली बाई, जिची कमाई, कीर्ती, आईची आठवण सगळं संस्कृतात होतं, ती आपल्याच हाताने संस्कृत बाजूला करत होती. कारण त्या बाईसाठी संस्कृत म्हणजे लॅटिनच! हा त्याग त्यांना कुठल्या बिशपाने सांगितला नव्हता, कुठल्या शास्त्रीबुवांनीही नाही. त्यांच्या आयुष्यातली ही एक गोष्ट बघितली तर पौलाच्या त्या पाचव्या अध्यायाचा अर्थ मला दहा प्रवचनांपेक्षा जास्त कळतो.

खिळे जुळवायचे, प्रुफं तपासायची, छापायचं, बांधायचं, सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. मनोरमा गेल्यावरही रमाबाई या कामावर बसून होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या तेव्हा भाषांतर पूर्ण झालं होतं.

आणि आजीबाई? अबोला कधी झाला नाही. रागावल्या, दुखावल्या, पण पत्रं जपून ठेवली. रमाबाईंची त्यांच्यावरच टीका करणारी पत्रंसुद्धा. ती सगळी त्यांनी नीट लावून संकलित केली, आणि १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती इंग्रजीत प्रसिद्ध केली. वाद हरलेल्या बाजूनेच पुरावा सांभाळला म्हणून आज आपण हा वाद वाचू शकतो. पुस्तक मिळालं तर मधलं कुठलंही पान उघडून वाचायला सुरुवात करा, चॅटचा जुना थ्रेड वाचल्यासारखं वाटतं.

केडगाव पुणे-दौंड रेल्वेमार्गावर आहे. मुक्ती मिशन आजही तिथे चालू आहे. पुढचा भाग रविवारी, तोवर प्रश्न असतील तर पाठवा.